झाकणांची वही

४ फेब्रुवारी

जाऊबाई,

पाया पडते. तुम्ही भावाकडे जाऊन आज तेवीस दिवस झाले. फोन करणार होते, पण तुम्हाला कमी ऐकू येतं म्हणून तिकडे तो स्पीकरवर लावतात, आणि मग आपलं बोलणं तुमच्या भावजयीपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांना ऐकू जातं. त्यापेक्षा पत्र बरं. हात कसे आहेत? मलम दोन वेळा लावता ना, की नळी उशाखाली तशीच पडून आहे? बोटांच्या भेगांतून रक्त येत असतानाही तुम्ही गरम पाण्यात हात घालायचात, ते आठवलं की माझ्याच हातांची आग होते.

इथे एक नवंच संकट उभं राहिलंय. हॉस्पिटलच्या तपासणीस बाई आल्या होत्या. डोक्याला पांढरी टोपी, हातात थर्मामीटर. आपण ज्या पाण्यात पातेली विसळतो त्यात त्यांनी तो बुडवला आणि म्हणाल्या, "एक्केचाळीस. ब्याऐंशी हवं."

मी म्हटलं, "बाई, ब्याऐंशीत माणसाचा हात शिजेल."

"म्हणूनच माणसाचा हात नको," त्या म्हणाल्या.

एक एप्रिलपर्यंत पातेली धुवायचं मशीन बसलं नाही तर हॉस्पिटलचं जेवण दुसऱ्या कुणाकडे जाणार. मग उरतात दोन वसतिगृहं. तेवढ्यावर आपला भटारखाना चालायचा नाही, हे मी तुम्हाला काय सांगायचं!

तेव्हापासून मशीनवाल्यांची रांग लागली आहे. टाय लावून येतात, चहा पितात, चकचकीत कागद ठेवून जातात. नन्सच्या शाळेत घोटलेल्या माझ्या इंग्रजीचा उपयोग शेवटी हे कागद वाचायला झाला. एका मशीनचं झाकण वरून खाली ओढायचं, एकाचं दार समोरून उघडायचं, आणि एकात म्हणे पाण्याबरोबर प्लास्टिकचे बारीक दाणे उडतात आणि करपलेलं खरवडून काढतात. ह्यांना पहिलं आवडलंय, कारण ते जागा कमी खातं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. प्रत्येक जण विचारतो, सगळ्यात मोठं भांडं केवढं? मी म्हणते, तीनशेचं. तो म्हणतो, तीनशे काय? मी म्हणते, तीनशे माणसांचं. मग तो हसतो. त्यांना सेंटिमीटर हवेत. तुमची झाकणांची वही तुम्ही बरोबर नेलीत ना? त्यातली मापं कळवा, आणि काय बघून घ्यायचं तेही.

मी नवी नवरी असताना माझ्या हातून पहिल्यांदा दूध करपलं, ते आठवतं? मोरीत बसून रडत होते. तुम्ही पातेलं ओढून घेतलंत आणि म्हणालात, "सरक. बुड घासलं की निघतं. डोळे सुजले की चार दिवस दिसतात." या घरात माझ्याशी कुणी पहिल्यांदा प्रेमाने बोललं असेल तर ते हे.

तुमची,
धाकटी


११ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं पत्र दोनदा वाचलं, एकदा चष्मा लावून आणि एकदा तसंच. ब्याऐंशीचं वाचून हसू आलं. तीस वर्षं मी विसळत होते, तेव्हा कुणी थर्मामीटर घेऊन आलं नाही.

आता नीट ऐक. झाकण ओढायचं मशीन ताटल्या-पेल्यांचं. भाऊजींना ते कितीही आवडो, तू त्याच्याकडे बघूही नकोस. दाण्यांचं चांगलं असेल, पण दाणे झिजणार, पुन्हा पुन्हा आणायचे, आणि एखादा जरी आजाऱ्याच्या भातात सापडला तरी आपला कारभार आटोपला. समोरून दार उघडणारं घे. पाणी वरून आणि खालून, दोन्हीकडून जोरात मारणारं. दार उघडल्यावर आडवं पडायला हवं, म्हणजे पातेलं त्यावर टेकवून आत सरकवता येईल. वीस किलोचं धूड हातात धरून नेम साधत बसलं तर सगळ्यांच्या कंबरा जातील.

त्यांच्या दुकानातलं चकचकीत पातेलं धुऊन दाखवतील, त्याला भुलू नकोस. आपलं घेऊन जा. भात मुद्दाम करपव, तीन तास वाळू दे आणि म्हण, हे काढा. आपल्या बोअरचं पाणी जड आहे. किटलीत जो पांढरा थर बसतो तोच मशीनच्या पोटात बसेल, तेव्हा पाणी मऊ करायची टाकी बरोबरच मागून घे. ॲल्युमिनियमची भांडी त्यांच्या साबणाने काळी पडतात. हे ते सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते.

वही माझ्याजवळच आहे. तुमच्याकडे झाकणं हरवायला लागली की कोण कुठलं झाकण मागतंय ते मला कळायला नको का! सगळ्या भांड्यांची मापं सोबतच्या कागदावर उतरवली आहेत. तीनशेची सहा, रुंदी सहासष्ट, उंची पन्नास. बाकी सगळी त्याहून लहान.

डॉक्टर म्हणाले, अजून महिनाभर पाण्यात हात नको. मग मी येतेच. मशीन आलं की मला काय, बटण तर दाबायचं! शिकेन. मोबाइल शिकले नाही ही गोष्ट खरी, पण मोबाइलला कान लागतात, मशीनला हात लागतील.

इथे माझं मजेत चाललंय. भावजय कशाला हात लावू देत नाही.

मशीन ठेवणार कुठे, ते लिहिलं नाहीस.

थोरली


२० फेब्रुवारी

जाऊबाई,

तुमच्या करपलेल्या भाताने मशीनवाल्याच्या तोंडचं पाणी पळवलं! मोठं पातेलं न्यायची सोय नव्हती, सहाही रोज चुलीवर असतात. म्हणून शंभराचं नेलं. त्याने आत डोकावून बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, हे मुद्दाम करपवलंय का?"

म्हटलं, "हो. आमच्या जाऊबाईंनी सांगितलंय."

"त्या कुठे असतात?"

"मोरीत."

तो गंभीरपणे म्हणाला, "त्यांना आमच्याकडे नोकरीला पाठवा." परतताना टेम्पोत मी एकटीच हसत होते, ड्रायव्हर आरशातून बघत होता.

झाकणवाल्या मशीनने भाताला नुसती अंघोळ घातली. समोरच्या दाराच्या मशीनने सहा मिनिटांत बरंचसं काढलं, बुडाशी एक कडं राहिलं, तेही दुसऱ्या फेरीत गेलं. तेव्हा घ्यायचं ते तेच. आता त्यात आपल्या कामाचे दोन आकार आहेत. मधलं सत्तर सेंटिमीटर रुंदीचं, आणि मोठं जवळजवळ दुप्पट. तुमच्या कागदाप्रमाणे आपलं सगळ्यात रुंद सहासष्टचं, म्हणजे मधल्यात मावून वर चार सेंटिमीटर उरतात. ह्यांचं म्हणणं, मग मोठं कशाला?

जागेचं बघतोय. त्यावरून एक विचारायचं होतं. मागच्या खोलीत पूर्वी मोरी होती, तिची नाली अजून आहे का? मशीनवाल्याला फरशीखाली नाली हवी, आणि वाफ काढायला बाहेरची भिंत. नुसतं विचारून ठेवतेय.

तुम्ही मात्र घाई करू नका. डॉक्टरांनी महिना सांगितला असेल तर दीड महिना राहा. इतक्या वर्षांनी माहेरपण मिळतंय.

तुमची,
धाकटी


२७ फेब्रुवारी

धाकटे,

'मागची खोली' असं लिहिलंस. सोळा वर्षं त्या खोलीला सगळे जाऊबाईंची खोली म्हणतात. तूच म्हणायला सुरुवात केलीस.

हो, नाली आहे. माझ्या खाटेच्या डोक्याकडच्या पायाशी फरशीचा एक तुकडा वेगळ्या रंगाचा आहे, त्याच्या खाली. तुझं लग्न व्हायच्या आधी भटारखाना त्या एका खोलीतच होता. दोन शेगड्या, एक मोरी, तुझे मोठे दीर आणि मी. भाऊजी तेव्हा शाळेत होते, डबा मागायला यायचे. पुढे हे गेले, तेव्हा भाऊजींनीच ती मोरी बुजवली, खाट आणली आणि दहा माणसांदेखत म्हणाले, "वहिनी, ही खोली कायमची तुमची." तू तिथे उभी होतीस. तुझ्या हातात माझी उशी होती.

नाली आहे, बाहेरची भिंत आहे. मशीनवाल्याला हवं ते सगळं त्या खोलीत आहे. आता मला हवं ते विचारते. मी कुठे झोपायचं?

इथे मजेत आहे असं लिहिलं होतं, ते खरं नाही. मी पॅसेजमध्ये घडीच्या खाटेवर झोपते. साडेपाचला ती मिटावी लागते, नाहीतर कुणाला बाथरूमपर्यंत जाता येत नाही. भावजय वाईट नाही. परवा माझे हात हातात घेऊन म्हणाली, "वन्सं, आता अगदी बरे दिसतात हो." एवढंच म्हणाली. पण त्यानंतर मला कुठे बसावं ते कळेना.

माहेरपण म्हणे! साठीच्या बाईचं माहेरपण किती दिवसांचं असतं, ते तुलाही कळेल कधीतरी.

वर एक ओळ खोडली आहे. पातेल्यांबद्दल होती. राहू दे.

थोरली


६ मार्च

जाऊबाई,

तुमचं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. सगळं नाही.

ते म्हणाले, "वहिनींनी मरेपर्यंत राबायचं का? त्यांचे हात बघितलेस ना?" मी म्हटलं, राबू देत नाही आपण, पण राहू तर देऊ. वरची खोली देऊ त्यांना. म्हणाले, वरच्या खोलीत तांदूळ आहे, तांदूळ कुठे ठेवू? मी म्हटलं, तांदूळ पॅसेजमध्ये ठेवू. म्हणाले, पॅसेजमध्ये उंदीर आहेत, हॉस्पिटलवाले आले तर?

मी बोलले नाही असं नाही, जाऊबाई. पण पुन्हा बोलले नाही, हेही खरं.

तुमची ट्रंक माळ्यावर ठेवली आहे. मी स्वतः जुनी चादर गुंडाळून वर दोरी बांधली. तुमच्या खिडकीतलं छोटं कुंडीतलं झाड माझ्या खोलीत आणलंय. खाट अजून हलवलेली नाही, पण फरशी उद्या फोडतील.

मधलं मशीन ठरलं. समोरून दार, खाली-वर पाणी, पाणी मऊ करायची टाकी, सगळं तुम्ही सांगितलंत तसं. मशीनवाला म्हणाला, असं पारखून घेणारं गिऱ्हाईक वर्षात एखादंच येतं. मी त्याला म्हटलं नाही की ज्यांनी पारखलं त्यांचीच जागा आपण घेतोय. मनात म्हटलं.

मोरीतली दोन माणसं कमी केली. तुम्ही रागावू नका. आराम करा. कुणी सांगावं, तुमच्या भावालाही तुम्ही तिथे आवडायला लागाल.

धाकटी


३० मार्च

जाऊबाई,

तीन आठवडे झाले, तुमचं पत्र नाही. रागात आहात हे समजून घेते. आता जे लिहिते त्यात माझाही थोडा राग मिसळला असेल, तो तुम्ही समजून घ्या.

गेल्या आठवड्यात मशीन आलं. दार काढून, चौकट कापून आत नेलं. नाली जोडली, भिंतीला भोक पाडून धुराड्याचा पाइप लावला. मशीनवाला म्हणाला, आता तुमचं सगळ्यात मोठं पातेलं आणा, उद्घाटन करू. दोघांनी तीनशेचं उचललं, दारावर टेकवलं, आत सरकवलं, आणि ठण्ण! पुन्हा सरकवलं. पुन्हा ठण्ण. तिरकं केलं, आडवं केलं. पातेलं आत जात होतं, त्याच्या कड्या जात नव्हत्या. टेपने मोजलं. कड्यांसकट ऐंशी सेंटिमीटर.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात तुमचा कागद होता. त्यावर सहासष्ट लिहिलेलं, आणि ते बरोबरच होतं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आपल्याकडे पातेलं कधी पातेलं म्हणून मोजलंच जात नाही, झाकण करून घ्यायचं म्हणून मोजलं जातं. काठापासून काठापर्यंत. झाकणाला कड्यांशी काय देणंघेणं! मीही इतकी वर्षं त्याच भटारखान्यात आहे, मलाही सुचलं नाही. चूक दोघींची, असं मी ह्यांना सांगितलं.

पण नंतर तुमची जुनी पत्रं काढली. खोडलेली ओळ खिडकीच्या काचेला लावून बघितली. बाकी काही लागलं नाही, पण पहिला शब्द 'कड्या' आहे.

तुम्हाला माहीत होतं, जाऊबाई. मशीन ठरायच्या आधी माहीत होतं. हे मी ह्यांना सांगितलेलं नाही.

मशीन परत घेत नाहीत. मोठं त्या खोलीत मावत नाही. तपासणीस बाईंनी सहा पातेल्यांपुरती दोन महिन्यांची सूट दिली आहे. हाताने घासायची आणि मग उकळत्या पाण्याच्या हौदात बुडवून काढायची. त्यासाठी ठेवलेला माणूस दुसऱ्याच दिवशी गेला. काल हेच म्हणाले, "वहिनींचे हात बरे झाले का ग?"

याल का? झोपायची सोय मशीन आणि भिंत यांच्यामध्ये होईल. मी मोजून बघितलं. खाट मावत नाही, गादी मावते. या वेळी सगळ्या बाजू धरून मोजलंय.

धाकटी


७ एप्रिल

धाकटे,

हो, माहीत होतं.

तुझं वीस तारखेचं पत्र आलं त्याच दिवशी भावजय कढई खुंटीला अडकवत होती, कडीला धरून. लगेच कागद घेतला आणि लिहिलं, 'कड्या धरल्या नाहीत, मोठं मशीन घ्या.' मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. मागची खोली. नुसतं विचारून ठेवतेय. मग उरलेलं सगळं पत्र लिहिलं, आणि पाकीट बंद करायच्या आधी ती ओळ खोडली.

का खोडली तेही सांगते. सगळी पातेली त्या मशीनमध्ये गेली, तर मला कोण बोलावणार? सहा बाहेर राहिली, तर निदान त्या सहांसाठी तरी कुणीतरी लागेल. आयुष्यात एकदा लबाडी केली, तीसुद्धा मोरीतली जागा टिकवायला. दुसरं काही मागायचं असतं हे मला कधी सुचलंच नाही बघ. भटारखाना आम्ही दोघांनी उभा केला, तरी भाऊजींपुढे कधी शब्द काढला नाही. कुणी विचारलं तर मीच म्हणायचे, आम्ही सगळे एकच.

येते.

गादी पुरे. मशीनच्या आवाजाचा मला त्रास नाही, ऐकूच येत नाही. हातांवर नवी कातडी आली आहे, गुलाबी, तान्ह्या मुलाच्या तळव्यासारखी. ती किती दिवस टिकेल ते मी विचारत नाही, तूही विचारू नकोस.

भावाला आज सकाळी सांगितलं. दुपारी तिकीट त्याच्या हातात होतं. वीस तारखेची गाडी आहे. भावजयीने घडीच्या खाटेचं कापड आत्ताच काढून धुवायला टाकलंय, अजून तेरा रात्री मी त्यावर झोपायची असताना. म्हणून आज जमिनीवर अंथरलंय. सवय होईल.

भाऊजींना माझ्या खोडलेल्या ओळीबद्दल सांगू नकोस. हे एवढं माझ्यासाठी कर. तुझ्यावर राग आहे, पण तो समोर बसून काढीन. लिहून राग काढायला मला जमत नाही, अक्षर बिघडतं.

थोरली


१३ एप्रिल

जाऊबाई,

तुमचं पत्र काल मिळालं. हे उत्तर मी दोनदा लिहून फाडलं.

परवा ह्यांनी सहाही पातेली देऊन टाकली. मोठमोठ्या जेवणावळी करणारा एक कंत्राटदार आहे, तो टेम्पो घेऊन आला. बदल्यात दीडशेची बारा आणली. मला आधी काही सांगितलं नाही. तुमचं पत्र एक दिवस आधी आलं असतं तर, असं मी सारखी म्हणत होते. मग विचार केला, आलं असतं तरी काय झालं असतं? नवी बाराही मशीनमध्ये मावतात, कड्यांसकट. तपासणीस बाई येऊन गेल्या. पाणी त्र्याऐंशी भरलं. त्या पहिल्यांदाच हसल्या.

काल ह्यांच्यासमोर मी तुमचं पत्र ठेवलं. या वेळी सगळं. तुम्ही नको म्हणाला होतात, तरी ठेवलं. मला वाटलं, तुम्ही ती ओळ का खोडलीत ते वाचून त्यांना तुमचं मन कळेल, आणि ते म्हणतील, येऊ दे वहिनींना, पातेली असोत नसोत. शाळेत नन्सनी शिकवलं होतं, खरं सांगितलं की माणसाचं मन विरघळतं. मी अजून तिथेच आहे.

त्यांना फक्त मशीन कळलं. म्हणाले, "म्हणजे मुद्दाम केलं." दोनदा म्हणाले. मग पत्राची घडी घालून माझ्या हातात दिली आणि जेवायला बसले. जेवताना म्हणाले, "मोरीच नाही आता, तर येऊन करणार काय?" मी म्हटलं, राहतील. त्यांनी आणखी भात मागितला. मी वाढला.

मी भात वाढला, जाऊबाई. तुम्हाला सगळं खरं लिहायचं ठरवलंय म्हणून हेही लिहिते.

मोरीच्या जागी भांडी वाळवायच्या लोखंडी मांडण्या येणार आहेत. तुमची ट्रंक पाठवायची व्यवस्था करते. सामान हळू उचलायला सांगेन. तुमच्या भावजयीला मी वेगळी चिठ्ठी लिहीत नाही, कशी सुरुवात करावी ते कळत नाही.

तुमचे हात आता जपता येतील, असं लिहिणार होते. लिहिलं आणि खोडलं.

स्टेशनवर चौकशी केली. तिकीट गाडीच्या आदल्या दिवसापर्यंत रद्द होतं, पैसे थोडेच कापतात. साध्या टपालाने पत्राला पाच-सहा दिवस लागतात आणि मध्ये रविवार आहे. हे पत्र तुम्हाला वेळेवर मिळावं म्हणून जलद टपालाने टाकतेय.

तुमची,
धाकटी